ज्यू कोण, आणि कशासाठी?

ओस्वाल्ड रुफायझन या माणसाला ज्यू म्हणायचे की नाही, या प्रश्नाला विसाव्या शतकाने निरनिराळी उत्तरे दिली. तो 1922 मध्ये पोलंडमध्ये ज्यू आईबापांच्या पोटी जन्मला. दुसऱ्या महायुद्धात मीर या गावी आपले ज्यूपण लपवून त्याने जर्मनांच्या हाताखालच्या पोलिसांकडे दुभाष्याचे काम धरले आणि आतली बातमी वेळेवर बाहेर पोहोचवून तिथल्या ज्यू वस्तीतल्या शेकडो लोकांना पळून जायची वाट करून दिली. पुढे एका मठात लपून असताना त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, कार्मेलाइट संप्रदायाची दीक्षा घेतली आणि ‘ब्रदर डॅनियल’ झाला. नाझी कायद्याच्या लेखी बाप्तिस्म्यानंतरही तो ज्यूच होता. सापडला असता तर मारला गेला असता. ज्यू धर्मशास्त्राच्या लेखीही तो ज्यूच होता, कारण ज्यू आईच्या पोटी जन्मलेल्याचे ज्यूपण पापाने किंवा धर्मांतराने पुसले जात नाही. पण 1959 मध्ये इस्रायलला येऊन त्याने ज्यू या नात्याने ‘परतीच्या कायद्या’खाली स्थायिक होण्याचा हक्क मागितला, तेव्हा 1962 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितले की तो ज्यू नाही. बहुमताच्या बाजूने लिहिणाऱ्या न्यायमूर्ती मोशे झिल्बर्ग यांनी धर्मशास्त्राचे उत्तर वेगळे आहे हे मोकळेपणाने मान्य केले. मात्र हा कायदा संसदेने केलेला आहे, तेव्हा त्यातल्या शब्दाला सामान्य ज्यू माणूस जो अर्थ देतो तोच धरायचा, आणि सामान्य ज्यू माणूस ख्रिस्ती साधूला ज्यू म्हणत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

अशा वेळी आपली पहिली ओढ खरे उत्तर शोधण्याकडे असते. एकच माणूस ज्यू आहे आणि नाही, हे दोन्ही खरे कसे असेल? ज्यू म्हणजे नेमके काय, धर्म की वंश की राष्ट्र, हे एकदा पक्के ठरवले की बाकीचे आपोआप सुटेल, असे आपण धरून चालतो. या लेखाचे म्हणणे असे की इथेच आपण फसतो. देशाची, धर्माची, राष्ट्राची नावे एकाच वेळी अनेक कामांना जुंपलेली असतात, आणि प्रत्येक कामासाठी त्यांची कसोटी वेगळी असते. प्रार्थनेला कोणी उभे राहायचे, लग्न कोणाशी करायचे, नागरिकत्व कोणाला द्यायचे, जनगणनेत कोणाला कुठे मोजायचे, ही कामे एक नाहीत. ‘कोण?’ या प्रश्नाला ‘कशासाठी?’ हा प्रश्न जोडल्याशिवाय उत्तरच नाही. आणि या वादांतला अन्याय व्याख्या चुकल्याने होतो त्याहून जास्त, एका कामाची कसोटी गुपचूप दुसऱ्या कामाला लावल्याने होतो.

यावर पहिला आक्षेप धर्माच्या बाजूने येईल, आणि तो वजनदार आहे. श्रद्धाळू माणूस म्हणेल, सरकारी कामासाठी तुम्ही हव्या तितक्या व्याख्या करा, पण ईश्वराने घालून दिलेले नाते कामागणिक बदलत नाही. माणूस एकतर ईश्वराशी झालेल्या करारात आहे किंवा नाही. पण ज्यू धर्मशास्त्रानेच हा प्रश्न कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. धर्म सोडून गेलेल्या ज्यू पुरुषाने ज्यू स्त्रीशी केलेला विवाह शास्त्र वैध मानते. त्या स्त्रीला दुसरे लग्न करायचे तर त्याच्याकडून रीतसर काडीमोड घ्यावा लागतो. म्हणजे विवाहबंधनापुरता तो ज्यू आहे. पण ज्यूने ज्यूकडून व्याज घेऊ नये, या बंधुभावाच्या नियमाचा लाभ त्याला देण्याची सक्ती नाही. म्हणजे त्या कामापुरता तो परका आहे. शास्त्रकारांना यात विसंगती वाटली नाही, कारण त्यांच्यापुढे प्रश्न नेहमी एखाद्या कृतीच्या निमित्ताने येत होता. ‘हा मुळात कोण आहे?’ असे हवेतले विचारणे हे आधुनिक नोंदवहीचे वेड आहे. नोंदवहीत रकाना एक असतो आणि त्यात एकच शब्द मावतो.

इस्रायलच्या नोंदवहीत तर धर्म, राष्ट्रीयत्व आणि नागरिकत्व असे तीन वेगवेगळे रकाने होते. प्रत्येक ज्यूला या देशात येऊन स्थायिक होण्याचा हक्क देणारा ‘परतीचा कायदा’ 1950 मध्ये झाला, पण ज्यू कोण हे त्यात लिहिले नव्हते. 1958 मध्ये गृहमंत्र्यांनी फर्मान काढले की, जो प्रामाणिकपणे स्वतःला ज्यू म्हणवतो त्याची नोंद ज्यू म्हणून करावी. धार्मिक पक्ष सरकारातून बाहेर पडला, आणि पंतप्रधान बेन गुरियन यांनी देशोदेशीच्या सुमारे 50 ज्यू विद्वानांना पत्रे लिहून मत विचारले. बहुतेकांनी धर्मशास्त्राकडे बोट दाखवले. पुढे बेंजामिन शालिट या नौदल अधिकाऱ्याने आपल्या मुलांची नोंद राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ज्यू अशी करण्याचा आग्रह धरला. त्याची पत्नी ज्यू नव्हती आणि दोघेही धर्म मानत नव्हते. 1970 च्या जानेवारीत न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी संसदेने कायदा बदलला. ज्यू म्हणजे ज्यू आईच्या पोटी जन्मलेला किंवा ज्यू धर्म स्वीकारलेला आणि अन्य धर्माचा नसलेला, अशी व्याख्या कायद्यात आली. पण त्याच दुरुस्तीने येऊन स्थायिक होण्याचा हक्क मात्र ज्यू व्यक्तीची मुले, नातवंडे आणि त्या सर्वांचे जोडीदार यांनाही दिला. छळणाऱ्याने आजा-आजी मोजून माणसे मारली, तर आसरा देणाऱ्यानेही निदान तितक्यांना दार उघडावे, असे त्यामागचे समर्थन नेहमी दिले जाते. एकाच कायद्यात दोन वर्तुळे आखली गेली: नोंदीसाठी लहान, आसऱ्यासाठी मोठे. ज्या संसदेने व्याख्या पक्की करायला घेतली, तिलाच एका व्याख्येवर भागवता आले नाही.

इथवर यात कोणाचे बिघडले नाही. बिघडते ते या वर्तुळांची सरमिसळ होते तेव्हा. इस्रायलमध्ये नागरी विवाह नाही. ज्यूंची लग्ने आणि काडीमोड 1953 च्या कायद्याने रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, न्यायालयांकडे आहेत. त्यामुळे मोठ्या वर्तुळातून आत आलेला माणूस लग्नाच्या दिवशी लहान वर्तुळाच्या दारात अडतो. सोव्हिएत संघ कोसळताना आणि कोसळल्यानंतर आलेल्यांत असे काही लाख लोक आहेत. ते नागरिक आहेत, सैन्यात नोकरी करतात, पण रब्बींच्या लेखी ज्यू नसल्यामुळे स्वतःच्या देशात त्यांना लग्न करता येत नाही. मग जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करतात आणि परत येऊन नोंदवतात. परदेशी विवाहाची नोंद करायला अधिकारी बांधील आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्येच ठरवून दिले आहे. धार्मिक विवाहाला धार्मिक कसोटी लावणे यात गैर काही नाही. त्याखेरीज विवाहाचा दुसरा मार्गच न ठेवल्यामुळे ती कसोटी नागरिकाच्या हक्काची कसोटी होऊन बसली, हे गैर आहे.

या सरमिसळीचा चटका कोकणातून गेलेल्या बेने इस्राएल समाजाला त्याआधीच बसला होता. नौका फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, अशी या समाजाची परंपरा सांगते. अलिबाग-पेण-रोहा पट्ट्यात ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी बैल सोडून घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणत. किहीमकर, पेणकर, दिवेकर अशी गावांवरून आडनावे, घरात मराठी, आणि शब्बाथ, सुंता, शेमा ही प्रार्थना एवढी धर्माची शिदोरी. 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत सिनेगॉग बांधले. इस्रायल झाल्यावर हे लोक मोठ्या संख्येने तिकडे गेले. त्यांना नागरिकत्व मिळाले, त्यात कोणी खोडा घातला नाही. पण लग्नाची वेळ आली तेव्हा काही रब्बी नकार देऊ लागले. शतकानुशतके धर्मशास्त्राशी संपर्क तुटलेला, तेव्हा या समाजात काडीमोड आणि पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले असतील का, अन्य लोकांशी संबंध आले असतील का, ही त्यांची शंका. मुख्य रब्बीपीठाने 1961 मध्ये विवाहाला मान्यता दिली. पण 1962 च्या निर्देशात नोंदणी करणाऱ्याने बेने इस्राएल वधूवरांची आई, आजी आणि मागे जाता येईल तितक्या पिढ्या तपासाव्यात, असे घातले. कोकणातल्या खेड्यांत दोनशे वर्षांपूर्वीच्या काडीमोडाचा कागद कुठून यायचा? ज्यांच्या धर्मपालनाची साक्ष शेजाऱ्यांनी त्यांना दिलेल्या नावातच नोंदवून ठेवली होती, त्यांच्याकडे दप्तरी पुरावा मागितला गेला. समाज रस्त्यावर उतरला, जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले. ऑगस्ट 1964 मध्ये संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतर ज्यूंत भेद नाही. त्यानंतर रब्बीपीठाने निर्देशातून समाजाचे नाव वगळले.

कोणी म्हणेल, या समाजाची बाजू घेताना त्याचा दुसरा चेहराही दाखवा. तो दाखवलाच पाहिजे. बेने इस्राएलांत गोरे आणि काळे असा भेद होता. मिश्र संबंधांतून झालेल्या संततीला ‘काळे’ म्हणत आणि त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार टाळत. त्याच वेळी मुंबई-कलकत्त्याच्या बगदादी ज्यूंपैकी अनेक जण बेने इस्राएलांना स्वतःहून कमी लेखत. रंगूनच्या सिनेगॉगमध्ये बेने इस्राएलांना बरोबरीचे हक्क आहेत की नाहीत, हा वाद 1930 च्या दशकात थेट न्यायालयात गेला. जेरुसलेमच्या रब्बींनी लावलेली गाळणी बगदाद्यांनी आधी लावली होती आणि बेने इस्राएलांनी आपल्यातल्या दुबळ्यांना लावली होती. याने मूळ म्हणणे कमजोर होत नाही, उलट बळकट होते. नाव हातात असलेला प्रत्येक गट पुराव्याचे ओझे खालच्या गटाच्या डोक्यावर ठेवतो. आपले ज्यूपण कोणी सिद्ध करायचे आणि कोणाचे गृहीत धरायचे, यातच सत्ता कोणाकडे आहे ते कळते.

दुसरा आक्षेप विचारवंतांकडून येईल. नावांचा अर्थ कामावर ठरतो असे म्हटले की नाव हे नुसते हत्यार उरते, आणि मग नाझींची व्याख्यासुद्धा ‘त्यांच्या कामापुरती बरोबर’ म्हणावी लागेल. हा आक्षेप उलटा फिरवून पाहावा. 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्याच्या आजा-आजींपैकी तीन किंवा चारही ज्यू तो ज्यू, असे ठरवले. आता त्या आजा-आजींना ज्यू कशावरून म्हणायचे? तर ते ज्यू धर्मसमाजाचे सभासद होते यावरून. रक्ताची भाषा करणाऱ्या कायद्याला शेवटी सिनेगॉगच्या वह्या चाळाव्या लागल्या. व्याख्येची ही विसंगती दाखवून देता येते, पण म्हणून न्यूरेंबर्गचा निषेध व्याख्या चुकली एवढ्यासाठी कोणी करील काय? व्याख्या निर्दोष असती तर छळ योग्य ठरला असता? तो कायदा पापी होता तो त्याच्या हेतूमुळे. ‘कशासाठी?’ हा प्रश्न आधी विचारला की हेतूच कठड्यात उभा राहतो, ‘कोण?’ एवढेच विचारत बसलो की आपण वंशावळींच्या तपशिलात शिरतो आणि हेतू मोकळा सुटतो. नाव हे हत्यारच आहे असे माझे म्हणणे नाही. आठवण, प्रार्थना, सणवार, शोक ही माणसांना जोडून ठेवणारी खरीखुरी कामे आहेत, आणि त्यांच्यासाठी समाज आपले नाव आपल्या रीतीने राखतो. फक्त त्या जिव्हाळ्याच्या जोरावर दुसऱ्याचा हक्क नाकारण्याची मुभा मिळत नाही.

त्याच भूमीवरच्या दुसऱ्या नावाला हीच कसोटी लावून पाहू. 1925 च्या ब्रिटिश आदेशाने पॅलेस्टिनी नागरिकत्व अस्तित्वात आले, आणि ते तिथे राहणाऱ्या अरबांप्रमाणे ज्यूंनाही मिळाले. ‘पॅलेस्टाइन पोस्ट’ हे ज्यूंनी काढलेले इंग्रजी वर्तमानपत्र होते. 1950 मध्ये ते ‘जेरुसलेम पोस्ट’ झाले. 1969 मध्ये पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी पॅलेस्टिनी असे वेगळे लोक कधी नव्हतेच, अशा अर्थाचे विधान केले. पूर्वी आपणही पॅलेस्टिनी पासपोर्ट बाळगला होता, हा दाखला त्या देत. उलट पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या 1968 च्या सनदेने 1947 पर्यंत तिथे राहत आलेल्या अरबांना पॅलेस्टिनी म्हटले, आणि ज्यूंपैकी फक्त झायोनवादी आगमनाच्या आधीपासून राहणाऱ्यांना त्यात धरले. संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेची व्याख्या तिसरीच आहे: जून 1946 ते मे 1948 या काळात ज्याचे नेहमीचे घर पॅलेस्टाइनमध्ये होते आणि 1948 च्या युद्धात ज्याने घर व उपजीविका दोन्ही गमावली, तो निर्वासित. ही शेवटची व्याख्या कोणाच्याही राष्ट्रभावनेचा शोध घेत नाही. शिधा, शाळा आणि दवाखाना कोणाला द्यायचा हे तिला ठरवायचे आहे, आणि ती ते लपवत नाही. आधीच्या दोन्ही दाव्यांत मात्र चूक सारखी आहे. ब्रिटिशांच्या काळात हे नाव प्रदेशाचे होते, ते एका लोकसमूहाचे नंतर झाले, एवढ्यावरून त्या समूहाच्या घरादारावरचा हक्क खोटा ठरत नाही. तसेच ज्यू हा केवळ धर्म आहे, राष्ट्र नव्हे, असे म्हटल्याने तिथे जन्मलेल्या ज्यूंचा तिथे राहण्याचा हक्कही नाहीसा होत नाही. नाव कधी पडले हा इतिहासाचा प्रश्न आहे. माणसे आज कुठे राहतात आणि त्यांना कुठून हुसकले गेले, हा न्यायाचा प्रश्न आहे. पहिल्याच्या उत्तरातून दुसऱ्याचे उत्तर निघत नाही.

खुद्द ‘इस्रायली’ या नावाचीही तऱ्हा पाहा. पासपोर्टवर ते आहे, पण राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ते लिहून मिळत नाही. 1972 मध्ये जॉर्ज तामारिन यांची आणि 2013 मध्ये भाषाशास्त्रज्ञ उझ्झी ओर्नान व त्यांच्या सहकाऱ्यांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. ज्यू राष्ट्राहून निराळे असे इस्रायली राष्ट्र सिद्ध होत नाही, हा त्यामागचा विचार. नागरिकांना जोडणारे सर्वांत व्यापक नाव त्यामुळे नुसत्या नागरिकत्वापुरते उरले, आणि तिथला अरब नागरिक त्या देशाचा आहे पण त्या राष्ट्राचा नाही, अशा अवस्थेत राहिला.

हे वाचून आपल्याला हसायचे कारण नाही. ‘हिंदू’ या नावाची गत यापेक्षा वेगळी नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 मध्ये मंदिरे सर्वांना खुली करण्यापुरते शीख, जैन आणि बौद्ध हे हिंदूंत धरले आहेत. 1955 चा हिंदू विवाह कायदा तर जो मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही अशा इतरांनाही सामान्यतः लागू होतो. इथे नाव नकारातून ठरते. विशिष्ट कामासाठी केलेल्या या सोयी आहेत, आणि त्यावरून बौद्ध हे हिंदूच असे सिद्ध करायला निघणे म्हणजे विवाह कायद्याकडून धर्मनिर्णय मागणे होय. स्वामीनारायण पंथाच्या अनुयायांनी, म्हणजे सत्संगींनी, आपण हिंदू नाही असा दावा केला होता. 1966 मध्ये तो सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. मुद्दा वरवर तत्त्वज्ञानाचा होता. खरा प्रश्न दलितांना मंदिरात येऊ द्यायचे की नाही, एवढाच होता. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी हिंदू धर्माचे विस्तृत वर्णन करून दावा फेटाळला. निकाल योग्यच होता, पण तो योग्य ठरतो तो मंदिरप्रवेशाच्या न्यायामुळे. धर्माचे ते वर्णन उद्या दुसऱ्या कामाला उसने घेतले तर तितकेच योग्य ठरेल असे नाही. सावरकरांनी 1923 च्या ‘हिंदुत्व’ या ग्रंथात पितृभू आणि पुण्यभू अशी दुहेरी कसोटी दिली. त्यात श्रद्धेच्या क्षेत्रातली गोष्ट, म्हणजे तीर्थ कुठे आहे, ही राष्ट्रात कोण मोडते हे ठरवायला वापरली गेली. या कसोटीवर पिढ्यान्‌पिढ्या नवगावच्या मातीत पुरला गेलेला बेने इस्राएलही बाहेर राहतो, कारण त्याची पुण्यभू जेरुसलेम. याउलट हिंदुस्थानात राहणारे सगळे हिंदूच, असे म्हणणारे उदार वाटतात. पण न मागितलेले नाव गळ्यात घालणे ही प्रत्येक वेळी उदारता नसते. नावाबरोबर कोणती बंधने येणार आहेत, हे आधी सांगावे लागते.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. कामागणिक कसोटी बदलायची मोकळीक दिली तर सरकार उद्या सोयीचे काम शोधून कोणालाही वगळील. भीती रास्त आहे, म्हणून या मोकळिकीला तीन अटी हव्यात. काम कोणते ते उघड सांगितले पाहिजे. कसोटीचा त्या कामाशी संबंध दाखवता आला पाहिजे. आणि पुराव्याचे ओझे वगळणाऱ्यावर असले पाहिजे, वगळल्या जाणाऱ्यावर नव्हे. रब्बींचा 1962 चा निर्देश तिसऱ्या अटीवर पडतो, पुण्यभूची कसोटी दुसऱ्या अटीवर पडते, सत्संगींचा दावा पहिल्याच अटीवर पडतो. याच तीन अटींवर उतरणारे उदाहरणही दूर नाही. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. दर्जा कशासाठी, ते सांगितलेले होते. ज्यू खरे कोण, याचा निवाडा करायला सरकार बसले नाही, आणि शनवार तेल्यांच्या वंशजांकडे त्यांच्या आजीच्या काडीमोडाचा कागद कोणी मागितला नाही. तो मागायची गरजही नव्हती.